गल्लीत नळ नाही, सबब घरपट्टी निम्मी

४ डिसेंबर २०२४. सकाळी ११.१०

नगरपंचायतीची नोटीस आली. घोडसांगवीला ग्रामपंचायत होती तोवर माझी घरपट्टी ११८० रुपये. नगरपंचायत झाली, पहिली फेरआकारणी झाली, आता ५२४४. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आकडा तोच.

घराचं क्षेत्रफळ लिहिलंय ११२.४० चौरस मीटर. कुणी मोजलं? पुण्याच्या एजन्सीची माणसं लेसरचं खेळणं घेऊन आली, सहा मिनिटं थांबली, माझ्या बायकोच्या, सुलक्षणाच्या हातचा चहा पिऊन गेली. मी त्या दिवशी दौंडला होतो. मी घरी असताना हे करायची त्यांची छाती झाली नसती.

सव्वीस वर्षं रांजणगावच्या कंपनीत इन्स्पेक्शनला काढली. दहावीनंतर मला कुणी काही शिकवलेलं नाही. व्हर्निअर, ड्रॉइंग, इंग्रजी, कायदा, सगळं स्वतः शिकलो. माझ्यापुढे आकडे फेकायचे नाहीत.

निश्चय : या नगरपंचायतीला सरळ करायचं. मुदत तीस दिवस. मला दहा पुरतील.

५ डिसेंबर. सायं. ७.००

स्टीलच्या टेपने घर मोजलं. तीन वेळा. सरासरी १०४.८६. म्हणजे ७.५४ चौरस मीटर हवेवर टॅक्स लावलाय. चोर.

टेपचं दुसरं टोक धरून सुलक्षणाने वेगळाच विषय काढला. केडगावच्या स्थळाचा निरोप आलाय. मुलगी वैष्णवी, दौंडला लॅबमध्ये नोकरी. आमच्या मुलाला, ज्ञानेशला, पसंत, तिलाही पसंत. आई गिताबाई, बाप नाही. गिताबाईची एकच अट. म्हणे, मी वीस वर्षं स्टेशनवरनं हंडं वाहिलं, माझा मणका गेला, माझी पोर हंडा उचलायची न्हाई, आधी घरात नळ दाखवा.

आमच्या गल्लीत नळ नाही. चौकातल्या सार्वजनिक नळावरून मी एम-एट्टीवर वीस-वीस लिटरचे दोन कॅन आणतो. अंतर ३४० मीटर.

सुलक्षणाला सांगितलं, कळव, होळीपर्यंत नळ येतोय. आपल्या वॉर्ड चारची पाइपलाइन पुढच्या बजेटमध्ये आहे, मी स्वतः यादीत वाचलंय. ज्ञानेश एकतिसाव्यात आहे. नऊ स्थळं गेली. त्यातली पाच मी नाकारली (त्यांच्याकडून आधी नकार आला होता, तो भाग वेगळा).

९ डिसेंबर. दुपारी १.३०

नगरपंचायतीत गेलो. कर निरीक्षक सत्यजीत म्हणून एक कार्टं बसवलंय. मला काका म्हणाला. मी याचा काका नाही.

विचारलं, नोटिशीतला अठरा रुपये दर कुठून आणला? म्हणाला, काका, घर भाड्याने दिलं तर चौरस मीटरला महिन्याला किती येतील, त्याचा अंदाज. वर्षाचं भाडं काढायचं, दुरुस्तीचे दहा टक्के वजा, उरेल त्याच्या चोवीस टक्के घरपट्टी. म्हटलं, ते मला शिकवू नको. (शिकवलं ते बरोबर होतं. पडताळून पाहिलं. ५२४४ च येतात.)

मग त्याने नको तेवढं ज्ञान दिलं. गावात ३४१२ मालमत्ता. जुन्या दराने वर्षाला ३८ लाख जमायचे. पगार, दिवाबत्ती, कचरागाडी यांनाच ७२ लागतात. नव्या दराने १ कोटी ५६ लाख होतील. वॉर्ड चारची पाइपलाइन २ कोटी १० लाखांची, सरकार पैसे देतं, पण त्यातला पाचवा हिस्सा, ४२ लाख, नगरपंचायतीने आधी स्वतःच्या खिशातून दाखवायचा. तो खिसा म्हणजे काका तुमची घरपट्टी, म्हणाला.

काका, काका. म्हटलं, पाइपलाइन पाइपलाइनच्या जागी, मोजमाप मोजमापाच्या जागी. दोन्हींचा संबंध लावू नकोस. तो नुसता हसला. याची तक्रार वेगळ्या अर्जाने.

१२ डिसेंबर. रात्री ८.४०

पुण्याहून ३४० रुपयांचं कायद्याचं पुस्तक आणलं. एका बैठकीत निम्मं वाचून काढलं. दुसऱ्या निम्म्याची गरज पडू नये.

हरकतीचा मुद्दा सापडला. क्षेत्रफळाने फार तर साडेतीनशे रुपये कमी होतील. दर पाडला पाहिजे. घरात नळ नाही त्या घराला भाडेकरू कोण येईल? लिहिलं : 'गल्लीत नळ नाही, सबब भाडेमूल्य निम्मे धरावे. घर जुने, भिंतींस तडे, सबब आणखी कमी धरावे.' सुलक्षणाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, व्हय, आन् हेच गिताबाईला बी वाचून दाखवा. बायकांना कायद्यातलं कळत नाही.

समोरच्या म्हस्कू कोळप्याला ३१ हजार आलेत. तीन मजले, कारखान्यातल्या लोकांना भाड्याने दिलेल्या अकरा खोल्या, स्वतःची बोअर. याच्या बापाच्या मेंढ्या माझ्या दारावरून जायच्या, आता माझं ऊन अडवतो. म्हटलं, सही करा हरकतीवर. तर म्हणतो, आनंदराव, कशाला डोक्याला ताप? भरून टाकू की. पानी आलं तर आपल्यालाच हाय.

पैशाचा माज. मागे मला म्हणाला होता, बोअरवरनं पाइप टाकून देतो, घ्या घरात पानी. मी नाही म्हटलं. ज्याच्या जिन्याची एक पायरी दुसरीसारखी नाही त्याचं पाणी मला नको.

१९ डिसेंबर. सकाळी ९.००

घरात भांडण. गिताबाई पुढच्या गुरुवारी, २६ तारखेला, घर बघायला येणार. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून ज्ञानेशने ठरवलं. मला विचारलं नाही. सुलक्षणाला घर रंगवायचंय. ज्ञानेशने डिस्टेंपरचे दोन डबे आणले.

रंग लावायचा नाही, मी बजावलं. माझ्या हरकतीवरून स्थळपाहणीही २६ लाच आहे. सत्यजीत येऊन तडे बघणार. तडे बुजवले तर दाखवू काय?

ज्ञानेश म्हणाला, अण्णा, तुम्हाला माझं लग्न करायचंय का घराचं? प्रश्नच नीट मांडलेला नव्हता.

योजना : सरकारी पाहणी दुपारी १२ ला. पाहुणे ४ वाजता. मध्ये चार तास. बारा ते एक घर जीर्ण. एकला रंग सुरू. चार वाजता बंगला. वेळेचं गणित जमलं की सगळं जमतं.

२६ डिसेंबर. रात्री ९.३०

सत्यजीत १२ ऐवजी २.५० ला आला. सरकारी लोकांना घड्याळ हा अलंकार वाटतो.

तरी पाहणी उत्तम झाली. त्याला गच्चीवर नेलं. स्लॅबला नख लावून दाखवलं, पापुद्रा निघाला. तडे एकूण सतरा, प्रत्येकाशेजारी पेन्सिलीने लांबी लिहून ठेवली होती. सर्वात मोठा १.२३ मीटर. मोठ्या आवाजात सांगितलं, की या घरात मी जीव मुठीत धरून राहतो, मोरीत उंदीर आहेत, पावसात सहा ठिकाणी पातेली ठेवावी लागतात (खरं म्हणजे दोनच), आणि पाण्याचा एक थेंब नाही. भाड्याने काय, फुकट दिलं तरी माणूस राहणार नाही. सत्यजीत लिहून घेत होता. मध्येच म्हणाला, काका, हळू बोला. मी का हळू बोलू?

खाली आलो तर पुढच्या खोलीत गिताबाई. वैष्णवी शेजारी. केडगावहून लवकरची जीप मिळाली, तीनलाच पोचल्या म्हणे. चहा पिऊन झालेला. सुलक्षणाचा चेहरा बघण्यासारखा होता. मी बघितला नाही.

ताबडतोब दुसरी बाजू सुरू केली. म्हटलं, या, या. पक्कं बांधकाम आहे, शंभर वर्षं हलायचं नाही. गिताबाई भिंतीवरचं पेन्सिलीचं लिखाण वाचत होत्या. म्हणाल्या, दादा, उंदरं खालच्या मोरीत हायत का वरच्या?

वैष्णवीने पदर तोंडाला लावला. हसली की खोकली ते कळलं नाही.

जाताना गिताबाई एवढंच म्हणाल्या, घराचं राहू द्या, भिंती रंगवता येत्यात. नळाचं कवा? म्हटलं, होळी. शब्द दिला. पाहणी दोन्हीकडून यशस्वी.

३ जानेवारी २०२५

माझा हरकत अर्ज गावात गाजतोय. झेरॉक्सवाल्याकडे लोक म्हणतात, आनंदरावांचा फॉर्म द्या. वर नाव बदलायचं, खाली सही ठोकायची. आज अखेर १९११ अर्ज गेले. ज्यांच्या घरात नळ आहे त्यांनीही 'गल्लीत नळ नाही' लिहून दिलंय. एकाने सतरा तडेही तसेच ठेवले. त्याचं पत्र्याचं गोडाऊन आहे.

याला चळवळ म्हणतात. झेरॉक्सचे ६४० माझ्या खिशातून गेले. तत्त्वासाठी माणूस मोजत नाही.

१७ जानेवारी. सायं. ५.२०

सुनावणी. हॉल गच्च. मी अठ्ठावीस मिनिटं बोललो. मूल्यनिर्धारण अधिकारी तीनदा घड्याळाकडे बघत होते. लोकांनी शिट्ट्या मारल्या. सत्यजीतने मध्ये तोंड घातलं, की साहेब, सरसकट दर निम्मा केला तर नगरपंचायतीच्या हातात काही उरणार नाही, वॉर्ड चारचा हिस्सा भरता येणार नाही. मी ओरडलो, धमकी देतोस काय! टाळ्या.

मागून म्हस्कू उठला. त्याला काय मांडता येतं? म्हणाला, सायेब, माझं बिल ऱ्हाऊ द्या हाय तसं, पन पाइपलाइन काढू नका. लोकांनी त्याला हुसकून खाली बसवलं. मीही हात हलवला. खोटं कशाला, मजा आली.

६ फेब्रुवारी. सकाळी १०.४५

जिंकलो.

सगळ्या गावाचा दर १८ वरून ९. क्षेत्रफळ माझं, १०४.८६. घरपट्टी २४४६. आदेशात स्पष्ट म्हटलंय : 'सदर मालमत्ता जीर्ण अवस्थेत असून नळजोडणी नाही व नजीकच्या काळात संभवत नाही, असे अर्जदाराने स्वतः दाखवून दिल्याने हरकत मान्य.'

पेढे वाटले. आदेश लॅमिनेट करून फ्रेममध्ये बसवला. पुढच्या खोलीत, देवाच्या फोटोच्या किंचित वर. लेव्हल लावून खिळा मारला.

सुलक्षणाने देवाचा फोटो वर सरकवला. आता दोन्ही तिरके दिसतात.

२४ फेब्रुवारी. सायं. ६.१५

बजेटची सभा. पहिल्या रांगेत बसलो, सत्कार होईल अशी चर्चा होती.

सत्यजीतने आकडे वाचले. घरपट्टीची अपेक्षित जमा १ कोटी ५६ लाखांवरून ७९ लाख. पगार, दिवाबत्ती, कचरा ७२. शिल्लक ७. वॉर्ड चारची पाइपलाइन वगळली. स्वतःचा हिस्सा नाही म्हणून सरकारचे १ कोटी ६८ लाख परत. सार्वजनिक नळांच्या दुरुस्तीची तरतूदही शून्य.

बेरीज तोंडी तपासली. चूक नव्हती. हीच तर यांची लबाडी, बेरीज बरोबर करतात आणि माणसाला फसवतात. हा माझ्यावर घेतलेला सूड आहे. उद्या वर अपील.

बाहेर माझाच फॉर्म भरलेले लोक म्हणत होते, त्या आनंदरावाने पाणी घालवलं. एक बाई तर समोरच म्हणाली, तुमच्या टेपला लावा आता तोटी. सत्काराचं कुणी काढलं नाही.

६ मार्च. रात्री १०.००

गिताबाई आल्या. होळी आठ दिवसांवर आहे, नळ बघायला आल्या. शब्द पाळायला सांगणं हा त्यांचा हक्क आहे, मान्य.

मी नियोजनातला विलंब, शासनाची उदासीनता असं सांगायला लागलो. त्या ऐकत होत्या आणि भिंतीकडे बघत होत्या. मग वैष्णवीला म्हणाल्या, वाच गं काय लिवलंय फोटोत. तिने वाचलं. जीर्ण अवस्थेत. नजीकच्या काळात संभवत नाही. अर्जदाराने स्वतः दाखवून दिल्याने.

गिताबाई उठल्या. म्हणाल्या, दादा, मानूस घरात नळ न्हाई म्हनून लाजतो. तुम्ही फ्रेम करून लावलंय. या उंबऱ्यात माझी पोर यायची न्हाई.

ज्ञानेश त्यांना सोडायला गेला. साडेनऊला परत आला. जेवला नाही. फ्रेम काढून पलंगाखाली ठेवून झोपला.

माझी बाजू : आदेश मराठीत आहे. उलटा अर्थ काढला त्याला मी काय करणार?

७ मार्च

फ्रेम पुन्हा लावली.

८ मार्च

फ्रेम नाही. पलंगाखालीही नाही. विचारलं नाही.

३ एप्रिल. दुपारी ४.००

गेल्या चार आठवड्यांत वर दोन अपिलं केली. पहिल्याला पोचही नाही. दुसरं चुकीच्या कार्यालयात गेलं, त्यांचा पत्ता चुकीचा होता.

आज ज्ञानेश महिन्याभराने नीट बोलला. लग्न ठरलं म्हणे. मी म्हणालोच होतो, स्थळ परत येणार! मग पुढचं सांगितलं. या उंबऱ्यात यायची नाही म्हणाल्या होत्या, त्यावर तोडगा निघालाय. म्हस्कूच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतोय. आत नळ आहे. भाडं साडेपाच हजार.

माझ्या दारापासून चौदा फुटांवर. माझा मुलगा. भाडेकरू.

चौदा फूट पुन्हा टेपने मोजले.

४.४० : भाडं जादा आहे. म्हस्कू हा अडाणी माणूस ३६ म्हणून ३० चौरस मीटर गळ्यात मारेल. ज्ञानेशला म्हटलं, करार रजिस्टर कर, आणि जागा मी मोजतो. तो म्हणाला, अण्णा, राहू द्या. राहू कसं देईन?

५ एप्रिल. सायं. ५.३०

म्हस्कूच्या खोल्या मोजल्या. ३६.२० भरल्या. म्हणजे म्हस्कूने ०.२० चौरस मीटर जास्तच दिलंय, त्यालाच माहीत नाही. त्याला सांगितलं, म्हणाला, असू द्या, तुमचं लेकरू हाय. भाडं चौरस मीटरला १५१ रुपये ९३ पैसे पडतं. प्रमाणशीर नकाशा काढून करारासोबत जोडला, खाली सही : 'प्रत्यक्ष मोजून तयार करणार, आनंदराव ताकवणे'. रजिस्टर ऑफिसच्या बाईंनी विचारलं, इंजिनिअर का? मी नाही म्हणालो नाही.

पायऱ्याही मोजल्या. एकही सारखी नाही.

४ मे. रात्री ८.००

विवाह केडगावला झाला. मंडप चाळीस बाय साठ सांगितला होता, भरला अडतीस बाय छप्पन. कुणाला सांगितलं नाही. गिताबाईंनी पहिल्या पंक्तीला बसवलं, ताटात जिलबी दोनदा वाढली. वाढताना म्हणाल्या, मोजू नका, खावा.

म्हस्कूने फेटा बांधला होता. त्याला आहेर माझ्याआधी.

१६ जून. दुपारी १२.००

नगरपंचायतीचं पत्र. वाटलं, अपिलाचा निकाल.

दराचं पुनर्निर्धारण. पत्रात लिहिलंय, की वॉर्ड चारमधील भाड्याबाबत विश्वसनीय पुरावा आजवर उपलब्ध नव्हता, आता नोंदणीकृत करार उपलब्ध झाला आहे. भाडेकरू ज्ञानेश आनंदराव ताकवणे. क्षेत्रफळाबाबत वाद संभवत नाही, कारण सोबतचा नकाशा आनंदराव ताकवणे यांनी स्वतः मोजून स्वाक्षरित केलेला आहे. सबब नळ व नवे बांधकाम यांची सूट धरूनही वॉर्डाचा दर २२ प्रस्तावित.

माझी घरपट्टी ५९८० होते. पहिल्या नोटिशीपेक्षा ७३६ जास्त. आणि पाइपलाइन नाही. सरकारचे पैसे एकदा गेले ते गेले.

खाली सत्यजीतची सही. शेजारी पेनाने लिहिलंय : काका, नकाशा सुंदर आहे.

हरकतीची मुदत तीस दिवस. पुस्तकाचं दुसरं निम्मं वाचायला घेतो.

१७ जून. सकाळी ६.५०

पुस्तक सापडत नाही.

चौकातल्या नळाची तोटी शुक्रवारी तुटली. पाचवा दिवस. दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणे. तिथे उभं राहिलं की लोक माझ्याकडे बघतात.

दोन्ही कॅन घेतले. एम-एट्टी काढली नाही. चौदा फुटांना कशाला?

वैष्णवीने वरून पाहिलं, धावत खाली आली. मामा, मला हाक मारायची, म्हणाली, आणि वर नेऊन कॅन भरून दिले. एक तिने स्वतः उचलला, माझ्या उंबऱ्यापर्यंत आणला, बाहेरच ठेवला.

दुसरा कॅन घेऊन मी जिन्यावरून उतरत होतो. म्हस्कू ओट्यावर दात घासत बसलेला. म्हणाला, सावकाश, आनंदराव. शेवटची पायरी सा इंचाची हाय, का साडेसा, तुम्हीच सांगा.

सव्वासहा आहे. सांगितलं नाही.